ओक्कडू आणि आरशातली पोरगी

आमच्या गल्लीतल्या शमीमची अम्मी ते पुस्तक चुलीत घालणार होती. शमीमनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि तशीच पळत आमच्याकडे आली, म्हणून पुढचं सगळं घडलं. शमीमचे वडील रशीदचाचा ट्रक चालवायचे. सोलापुरात आमच्या भागातल्या मिलसाठी जपानहून नवी यंत्रं आली, तेव्हा मालधक्क्यावरून ती खोकी त्यांच्याच ट्रकमधून आली. यंत्रं मिलची आणि खोक्यातली रद्दी ड्रायव्हरची, असा काहीतरी न बोललेला करार असावा. लोखंडाचे भाग ज्या चुरगळलेल्या कागदांत गुंडाळले होते, तो सगळा कागद पोत्यात भरून चाचांनी घरी आणला, आणि अम्मीला पावसाळाभराचं जळण मिळालं. त्या ढिगातच एक पातळसं पुस्तक होतं. कडेला ऑइलचा डाग पडलेला, पण पिना शाबूत आणि पानं सगळी जागच्या जागी.

त्यात एक मुलगी होती. डोळे एवढे मोठे की बाकी चेहऱ्याला जागाच उरली नव्हती. हातात गोल आरसा. काही चित्रांत ती आमच्यासारखी शाळेच्या झग्यात, दप्तर घेतलेली. काहींत केस कमरेपर्यंत, अंगावर झगझगीत झूल, आणि बाईसाहेब सरळ छपरांवरून उडतायत. मधल्या दोन पानांवर तर नुसता आरसा, चांदण्या आणि गोल गोल फिरणारी ती. अक्षरं मुंग्यांसारखी उभी, वरून खाली. एक शब्द कळायची सोय नव्हती, त्यामुळे कसली अडचणही नव्हती. मी तिचं नाव ठेवलं आरशी. शमीम तिला आइनेवाली म्हणायची. तिथपर्यंत आमचं छान चाललं होतं.

आमचं घर म्हणजे पुढे वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, मागाच्या सुट्या भागांचं दुकान आणि मागे आम्ही. घरात कायम तेलाचा आणि लोखंडाचा वास, त्यात अव्वा, म्हणजे आई, शेंगा भाजायला लागली की त्या वासाचा तिसरा थर. गल्लीत दिवसभर मागांची खटखट चालायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की वीज गेली आणि माग थांबले, की झोपलेली तान्ही पोरं दचकून उठायची. अव्वा अक्कलकोटकडची. ती स्वयंपाक, जप आणि भांडण कानडीत करायची, भाजीवाल्याशी मराठीत बोलायची आणि शमीमच्या अम्मीशी ज्या भाषेत बोलायची तिला मला आजतागायत नाव सापडलेलं नाही. मला वरची एक बहीण, गिरिजाअक्का. अक्का मॅट्रिक होऊन घरी बसली होती. ती फारशी बोलायची नाही. पण अंगणातल्या रांगोळीपासून ते दुकानातल्या पुड्याच्या कागदापर्यंत मोकळी जागा दिसली की तिचा हात चालू व्हायचा. अव्वा म्हणायची, "हिला सासरी पाठवताना भिंतीपण धुऊन द्याव्या लागतील."

तर, पुस्तक. मी ते मांडीवर घेतलं आणि आपण पुस्तक उघडतो तसं उघडलं. पहिल्याच पानावर आरशी लांब केसांनिशी ढगात उभी, खाली सगळं गाव हात हलवतंय. मी वाचायला म्हणजे रचायला सुरुवात केली, "एक होती मोठी जादूगारीण..." तर शमीमनं पुस्तक माझ्या हातातून घेऊन सरळ पालथं केलं.

"उल्टा कैकू पकडी? इधर से शुरू होता ये."

शमीम उर्दू शाळेत जायची. तिची सगळी पुस्तकं मागून उघडायची. म्हणजे माझ्या मते मागून, तिच्या मते पुढून. तिच्या बाजूनं पाहिलं तर पहिल्या पानावर एक साधी मुलगी आईबापांबरोबर जेवायला बसलेली. तिथून ती शाळेत जाते, तिला आरसा मिळतो, ती गरागरा फिरते आणि शेवटी ढगात जाऊन पोचते. माझ्या बाजूनं पाहिलं तर ढगातली थोर जादूगारीण गरागरा फिरून लहान होते, आरसा कुणाला तरी देऊन टाकते, शाळेत जाते आणि संध्याकाळी घरी येऊन जेवते. चित्रं तीच. पोरगी तीच. गोष्टी मात्र अशा, की एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत.

"हे मराठीसारखं हाय," मी म्हणाले. "आकाश बघ, डावीकडं हाय."

"आसमान का दाया बाया रहता क्या, पागल?" शमीम म्हणाली.

पानांखाली आकडे होते, आणि ते आपलेच इंग्रजी आकडे होते. ते सरळसरळ शमीमच्या बाजूनं वाढत जात होते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण मी जाहीर केलं की जपानात आकडे उलटे मोजतात. एवढ्या आत्मविश्वासानं मी नंतर आयुष्यात फार कमी गोष्टी बोलले. लग्नातसुद्धा नाही.

भांडण वाढलं तसं ते गल्लीत पसरलं. शाळा सुटल्यावर शमीम तिच्या ओट्यावर पोरं जमवून तिची गोष्ट सांगायला लागली, मी आमच्या ओट्यावर माझी. पुस्तक एकच, आणि ते तिचं. मग तिच्या ओट्यावर खेळ संपेपर्यंत माझी पोरं ताटकळत बसायची आणि त्यातली निम्मी फितूर होऊन तिकडेच रमायची. हे अक्काला बघवेना. तिनं दुकानातला खाकी कागद घेतला, पुस्तक एका दुपारपुरतं मागून आणलं आणि एकेक चित्र दारभर मोठं करून काढायला बसली. हळद, कुंकू, गेरू, काजळ आणि कपड्याला घालायची नीळ, एवढाच रंगांचा संसार. पण ती नीळ तिनं अशी काही लावली की आरशीच्या मागचं आकाश बघून अव्वा पोळपाट सोडून उठली. "यव्वा!" एवढंच म्हणाली. मग भानावर येऊन, "निळीचा डबा रिकामा केला की गं बाई!"

आता दोन्ही ओट्यांचं भागलं. अक्का कुणाच्या बाजूची नव्हती. जो मागेल त्याला कागद द्यायची. बघता बघता बायकापण यायला लागल्या. सुताच्या कांड्या भरता भरता पद्मशाली विणकर घरांतल्या मावशा कान टवकारायच्या आणि तेलुगूत आपसांत निकाल लावायच्या. माझ्या गोष्टीला म्हाताऱ्या जास्त, शमीमच्या गोष्टीला पोरी जास्त, असं काहीसं होतं. एकदा आमच्या दोघींच्या पोरांची मारामारी झाली, एकाचा दात पडला. तो दुधाचा होता, पण बोभाटा अक्कलदाढेचा झाला. त्या दिवसापासून शमीमनं आणि मी बोलणं टाकलं. ती मला दिसली की पुस्तक छातीशी धरून जायची, आणि मी आकाशाकडे बघून चालायचे, त्यामुळे गटारात पाय पडायचा.

माझी नात परवा तिच्या मोबाइलवर असलंच काहीतरी बघत होती. तेच डोळे, तेच गरागरा फिरणं. मी म्हटलं, हिला मी ओळखते. नात म्हणाली, "आजी, हा ॲनिमेचा एक वेगळा प्रकारच असतो, जादूवाल्या मुलींचा. तुला काय माहीत?" मी म्हटलं, बाळ, या प्रकारावरून सोलापुरात दात पडलेत.

आमचं भांडण चालू होतं त्याच सुमारास मिलमध्ये यंत्रं बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला होता. नाव ओकादा. मिलमधले तेलुगू कामगार त्याला ओक्कडू म्हणायला लागले. तेलुगूत ओक्कडू म्हणजे एकटा माणूस. नाव बसलं ते बसलंच, कारण तो होताही एकटा. एकटा चालत यायचा, एकटा डबा खायचा, संध्याकाळी मिलच्या गेस्टहाउसच्या पायरीवर एकटा बसायचा. एक दिवस यंत्रातली एक स्प्रिंग तुटली. जपानहून मागवायची तर कित्येक महिने जाणार. कुणीतरी त्याला आप्पांच्या दुकानात आणलं. आप्पांनी स्प्रिंग उलटसुलट करून बघितली, दोन दिवसांनी लेथवाल्याकडून हुबेहूब तशी करून दिली आणि यंत्र चाललं. ओकादा दुकानात आला आणि कमरेतून वाकला. आप्पापण वाकले. त्याला वाटलं आपलं कमी पडलं. तो आणखी वाकला. आप्पा माघार घेणाऱ्यातले नव्हते. शेवटी अव्वानं आतून विचारलं, "काय सांडलंय का खाली?" तेव्हा दोघं सरळ झाले, आणि आप्पांनी त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

बातमी गल्लीत पोचायला किती वेळ लागणार? जपानी माणूस येणार म्हणजे आरशीचा निकाल लागणार. रविवारी आमच्या अंगणात लग्नाला नसते एवढी गर्दी झाली. शमीम पुस्तक घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, नवा झगा घालून. पानांखालच्या त्या आकड्यांचं काय करायचं, हे मला मात्र अजून सुचलं नव्हतं.

ओकादा पाटावर गुडघे मोडून, पावलांवर बसला. अव्वा पंचाईतीत पडली. "हा उठायच्याच तयारीत बसलाय, वाढू का नको?" आप्पांनी वाढायची खूण केली. कडक भाकरी, भरली वांगी, पालेभाजीचं गरगटं, गव्हाची हुग्गी आणि शेंगांची चटणी. चटणी त्याला एवढी आवडली की तो ती भाजीसारखी खायला लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडानं एकसारखं "गुड, गुड." अव्वा हुग्गीवर तुपाची धार धरून म्हणाली, "गोड म्हनतोय बिचारा, तिखट लागलं तरी."

त्याचं इंग्रजी तुटकं, आप्पांचं त्याहून तुटकं. तेव्हा दुभाष्याचं काम अक्काकडे आलं. ती स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलायची. ओकादा दाराशी बोलायचा, दार त्याला उत्तर द्यायचं. त्याचे हात धुऊन होतात न होतात तोच शमीमनं पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

त्यानं वाकून ते बघितलं. मग तो एकदम हसला, असा की त्याचे डोळे दिसेनात. "माय डॉटर!" तो म्हणाला. अंगणात खळबळ उडाली. रशीदचाचा म्हणाले, "या अल्ला, ये लडकी इनकी है?" दारानं खुलासा केला की तसं नव्हे, ह्यांची नऊ वर्षांची मुलगी आहे, तिची ही फार आवडती. हे पुस्तक नुसतं पुस्तक नाही. जपानात ही मुलगी टेलिव्हिजनवर दिसते, दर आठवड्याला, हलते, बोलते, उडते. ती लागली की मुलगी घरात कुणाला बोलू देत नाही. तिच्या पेन्सिलीवर, डब्यावर, चपलांवरसुद्धा हीच. टेलिव्हिजन आमच्यापैकी एकट्या आप्पांनी पाहिला होता, मुंबईत, एका दुकानाच्या काचेतून. ते म्हणाले, "मी बघितला तवा त्यात एक मानूस खताची माहिती सांगत होता." उडणाऱ्या मुलीवर त्यांचा विश्वास बसला नाही.

"वो सब ठीक," शमीम म्हणाली, "किधर से शुरू होता, पूछो."

दारानं विचारलं. ओकादानं पुस्तक हातात घेतलं, पालथं केलं, आणि शमीमच्या बाजूनं उघडलं.

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण शमीमच्या पोरांनी जो ओरडा केला त्यात मागांची खटखटसुद्धा बुडाली. माझी पोरं, माझी एकनिष्ठ पोरं, त्या ओरड्यात सामील झाली. एक म्हातारी तेवढी "त्याला काय कळतंय" म्हणाली, पण एका म्हातारीवर किती दिवस काढणार? मी माळ्यावर जाऊन तुराट्यांच्या भाऱ्यामागे बसले. आता शाळा सोडायची, गल्ली सोडायची, जेऊरला मामाकडे जाऊन शेळ्या राखायच्या, असा माझा बेत झाला. मामाकडे शेळ्या नव्हत्या, पण त्या वेळी ते आड येत नव्हतं.

थोड्या वेळानं शिडी वाजली. शमीमचं डोकं वर आलं.

"उतर नीचे."

"येत न्हाय जा."

"वो ओक्कडू तेरी कहानी पूछ रा."

"माझी चुकीची हाय. त्याला काय करायचीय?"

शमीमनं विचार केला. त्या चेहऱ्यावर विजय अजून ताजा होता, तो तिला टाकवत नव्हता. "मेरी सही है," ती म्हणाली. "पन तेरी में वो जेवायला घर आती ना, वो मेरेकू अच्छा लगता. पैले दिन से लगता." आणि लगेच, "पन सही मेरीच है. हौ?"

"हौ," मी म्हणाले, आणि उतरले.

मग मी ओकादाला माझी उलटी गोष्ट सांगितली. अक्काचे खाकी कागद एकेक करून शमीमनं वर धरले. आणि दाराआडचा आवाज ती तुटक इंग्रजीत सांगत गेला. ढगातल्या जादूगारणीला सगळं मिळालंय, पण ती ज्या गावावरून उडते तिथं संध्याकाळी घराघरांत ताटं वाढलेली तिला दिसतात. वर ढगात तिला जेवायला कुणी हाक मारत नाही. म्हणून ती आरसा देऊन टाकते, केस कापते, अभ्यास करते, मार खाते आणि शेवटी घरी येऊन आईबापांमध्ये बसून गरम गरम जेवते. मी थांबले. ओकादा त्या शेवटच्या कागदाकडे बघत राहिला. त्याला घर सोडून किती दिवस झाले होते मला माहीत नाही. विचारायचं सुचण्याएवढी मी मोठी नव्हते. त्यानं हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. दार म्हणालं, टेलिव्हिजनवर ती यायच्या आधी हे गाणं लागतं म्हणे. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तो इंजिनिअर आमच्या अंगणात लहान मुलीचं गाणं म्हणत होता. मध्येच थांबून त्यानं अव्वाकडे आणखी एक भाकरी मागितली. हात धुऊन झाले होते तरी. अव्वानं पुन्हा तवा ठेवला.

भाकरी होईपर्यंत त्याचं लक्ष खाकी कागदांकडे गेलं. त्यानं एक उचलला, उन्हात धरला, निळीवरून बोट फिरवलं. "हू?" शमीमनं दाराकडे बोट दाखवलं. मग अव्वानंच आतून ढकललं आणि अक्का बाहेर आली, कोपरापर्यंत पिठाची. ओकादा तिच्यापुढे वाकला. एवढा तो आप्पांपुढेपण वाकला नव्हता. हे आप्पांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ते कागद ओकादाबरोबर मिलच्या मॅनेजरसमोर गेले, आणि आठवड्याभरात निरोप आला. चादरींची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायला डिझाइन खात्यात माणूस हवाय, मुलीला पाठवा. आप्पांचं सगळ्या गोष्टींना एक उत्तर असे. अक्का कॉलेजचं म्हणाली तेव्हा तेच दिलं होतं, चित्रकलेच्या परीक्षेचं म्हणाली तेव्हाही तेच. ते म्हणाले, "बघू."

अव्वा सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं, झालं, आता अक्का आत जाणार आणि भिंतीवर वेल काढणार. अक्का आत गेली खरी. बाहेर आली ती वेणी घालून, चांगली साडी नेसून, काखेत कागदांची गुंडाळी. चपला पायात सरकवत म्हणाली, "आप्पा, तुमी बघा. मी जाऊन येते."

आणि गेली. आप्पा गल्ल्यावर बसून उघड्या दाराकडे बघत राहिले. गिऱ्हाइकानं दोनदा काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग सुपातून मान वर न करता अव्वा कानडीत एवढंच म्हणाली की पोरगी रस्त्यावर एकटी चाललीय. आप्पांनी टोपी घातली, सायकल काढली आणि तिच्यामागे गेले. पाहणारे सांगतात की अख्खा रस्ता ते तिच्या मागे, ओळख नसल्यासारखे, सायकल हातात धरून चालत होते, आणि मिलच्या फाटकाशी रखवालदारानं तिला अडवलं तेव्हा मात्र तीन भाषांत ओरडले.

ओकादा त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेला. जाताना शमीमनं त्याला ते पुस्तक देऊ केलं. त्यानं घेतलं नाही. त्याऐवजी अक्काचा तो शेवटचा कागद मागून घेतला, जेवणाचा, गुंडाळी करून. लेकीला दाखवीन म्हणाला. तिला पटलं की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. शमीम आणि मी पुढे बरीच वर्षं तिच्या वतीनं भांडलो. शमीम आता हैदराबादला असते. फोनवर बोलताना विषय संपले की ती अजून म्हणते, "पन सही मेरीच थी."

अक्काची पहिली नक्षी मागावर चढायला वर्ष गेलं. चादर घरी आली ती गडद निळी, मध्ये मोठं गोल कमळ आणि कडेनं वेल. अव्वानं तिला हळदीकुंकू लावलं, घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि बजावलं की हिला कुणी हात लावायचा नाही. दुपारी मी शाळेतून आले तर ट्रंक उघडी, आणि पुढच्या खोलीत ती चादर जमिनीवर अंथरून आप्पा तिच्यावर पाय ताणून आडवे. दुकान सताड उघडं. अव्वा किंचाळली, "उठा, उठा! पोरीनं केलीय ती!"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. कमळावर डोकं नीट ठेवलं आणि कूस वळले.

"म्हनून तर झोपलोय की," ते म्हणाले.